मोरचूद, चुना आणि लोखंडी विळा

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत नवी फूट दिसू लागावी आणि नेमकं त्याच सुमाराला आभाळ भरून यावं, की निफाड-दिंडोरीकडच्या बागाईतदाराचा जीव टांगणीला लागतो. पानं सलग ओली राहिली की डाऊनी हा बुरशीचा रोग आलाच म्हणून समजायचं. कोकणातल्या सुपारीच्या वाडीत हीच धास्ती पावसाळ्यात कोळेरोगाची असते. बाजारात आज तऱ्हेतऱ्हेची बुरशीनाशकं मिळतात, तरी दोन्हीकडे एक जुनं औषध टिकून आहे आणि ते शेतावरच तयार करतात. त्याचं नाव बोर्डो मिश्रण.

कृती फार अवघड नाही. प्लास्टिकच्या एका पिंपात ५० लिटर पाणी घेऊन त्यात १ किलो मोरचूद विरघळवायचा. दुसऱ्या पिंपात १ किलो चुन्याची कळी आधी थोड्या पाण्यात विरवायची, मग पाणी वाढवत ५० लिटरपर्यंत न्यायची आणि गाळून घ्यायची. दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतायचं आणि लाकडी काठीने ढवळत राहायचं. मोरचुदाचं पाणी निळंशार पण आरपार दिसणारं, चुन्याचं पांढरट. दोन्ही एकत्र आल्याबरोबर पिंपात आकाशी रंगाचा दाट साका धरतो. तळ दिसेनासा होतो.

पंप भरण्याआधी मात्र एक परीक्षा घेतात. घासून चकचकीत केलेला लोखंडी विळा किंवा साधी सळई मिश्रणात थोडा वेळ बुडवून बाहेर काढायची. पात्यावर तांबूस थर चढला असेल तर मिश्रण अजून कच्चं आहे, आणखी चुना घालायचा. पातं होतं तसंच असेल तर फवारणीला हरकत नाही.

मोरचूद तोलून घेतला, चुना तोलून घेतला, मग तरीही विळा कशाला बुडवायचा? आणि लोखंडाला असं काय कळतं, जे तराजूला कळलं नाही? दहावी-अकरावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात ‘जलीय द्रावणातील अभिक्रिया’ नावाखाली जे येतं, ते जवळजवळ सगळं या तिसऱ्या पिंपात घडत असतं. फरक इतकाच की पुस्तकात ते समीकरणांच्या रांगेत उभं असतं आणि इथे डोळ्यांना दिसतं.

कोरडी पुडी गप्प का बसते?

आधी पाण्याचं काम काय ते पाहू. फ्रूट सॉल्टची पुडी कपाटात महिनोन्‌महिने पडून असते. आत खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबातलंच आम्ल, एकमेकांना खेटून असतात, पण हूं की चूं करत नाहीत. पाणी पडलं रे पडलं, की पेला फसफसून वर येतो. पाण्याने स्वतःचं काही घातलं असं वरवर दिसत नाही. मग इतका वेळ अडलं कुठे होतं?

अडलं होतं ते हलण्याचं. मीठ, सोडा, मोरचूद असे पदार्थ आयनांचे बनलेले असतात. आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू किंवा अणूंचा गट. मिठात सोडियमचा धन आयन आणि क्लोराइडचा ऋण आयन. मोरचुदात तांब्याचा धन आयन आणि सल्फेटचा ऋण आयन. स्फटिकात ते आपापल्या जागी घट्ट बसलेले असतात, चहूबाजूंनी विरुद्ध भाराच्या आयनांनी धरून ठेवलेले. दोन कोरड्या पुड्या एकत्र केल्या तरी एकमेकांना शिवतात ते फक्त दाण्यांचे पृष्ठभाग. आतल्या अब्जावधी आयनांची गाठ पडतच नाही.

पाण्याचा रेणू सरळ रेषेत नसतो. मधे ऑक्सिजन आणि दोन बाजूंना हायड्रोजन, पण वाकलेले, १०४.५ अंशांच्या कोनात. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून धरतो, त्यामुळे त्याची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची किंचित धन होते. मिठाचा खडा पाण्यात पडला की रेणूंची ऋण बाजू सोडियमकडे वळते, धन बाजू क्लोराइडकडे. एकेका आयनाभोवती पाण्याचा गराडा पडतो आणि तो स्फटिकातून सुटतो. हवेत दोन विरुद्ध भारांमधली जी ओढ असते ती पाण्यात सुमारे ऐंशीपटींनी कमी होते. पाण्याचा मोठेपणा या एका आकड्यात आहे.

हा गराडा नुसता कल्पनेतला नाही, मोरचुदात तो डोळ्यांनी दिसतो. मोरचुदाचे निळे खडे कोरड्या परीक्षानळीत तापवले की काचेच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात आणि खड्यांचा निळा रंग जाऊन पांढरी भुकटी उरते. थंड झाल्यावर त्या भुकटीवर पाण्याचा एक थेंब सोडला की तेवढ्या ठिकाणी निळा डाग उमटतो. मोरचूद निळा दिसतो तो तांब्याच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू असल्यामुळे. शाळेच्या प्रयोगशाळेत करण्यासारखे जे थोडे प्रयोग आयुष्यभर लक्षात राहतात, त्यांत याचा क्रमांक फार वरचा.

पाण्यात आयन असे सुटे होतात, ही गोष्ट आज आठवीतली मुलंही सांगतात. पण स्वान्ते अऱ्हेनियस या स्वीडिश तरुणाने १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठात या दिशेने जाणारा प्रबंध सादर केला, तेव्हा परीक्षकांना तो पटला नाही आणि त्यांनी त्याला जेमतेम उत्तीर्ण केलं. शंका अगदीच वावगी नव्हती. सोडियम पाण्यात टाकला तर पेट घेतो, क्लोरीन विषारी वायू. मग मिठाच्या पाण्यात हे दोघे सुटे फिरतात कसे? उत्तर असं, की सोडियमचा अणू आणि सोडियमचा आयन यांच्यात एका इलेक्ट्रॉनचाच फरक असतो, पण त्या एका इलेक्ट्रॉनने स्वभाव पार बदलतो. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, साखरेच्या पाण्यातून जवळजवळ वाहत नाही, कारण साखर विरघळते ती अख्ख्या रेणूंनी, आयनांनी नव्हे. अशा पुराव्यांची भर पडत गेली. १९०३ मध्ये अऱ्हेनियसला याच कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

एसटी स्टँडवरची गर्दी

आता दोन द्रावणं एकत्र ओतू. मिठाचं पाणी आणि पोटॅशियम नायट्रेटचं पाणी. पेल्यात चार प्रकारचे आयन झाले: सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम, नायट्रेट. काय घडलं? काहीच नाही. पुष्कळ विद्यार्थी इथे उत्साहाने ‘सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम क्लोराइड तयार झालं’ असं लिहितात. कागदावर जोड्या बदलतात, पेल्यात काहीच बदलत नाही.

तालुक्याच्या एसटी स्टँडवर दोन गाड्या येऊन थांबाव्यात, सगळे प्रवासी उतरून फलाटावर एकमेकांत मिसळावेत, तसं हे आहे. नुसती गर्दी झाली म्हणजे काही घडलं असं होत नाही. पण त्या गर्दीतल्या दोन गावांच्या माणसांना घेऊन जाणारी तिसरी गाडी लागली, तर ती माणसं फलाट सोडून जातात. बाकीचे होते तिथेच उभे. पाण्यातल्या अभिक्रियेचा प्रश्न नेहमी हाच असतो: या गर्दीतून कोण बाहेर पडतं? कुणीच पडणार नसेल तर अभिक्रिया नाही.

मिठाच्या पाण्यात पोटॅशियम नायट्रेटऐवजी सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब टाकले तर चित्र पालटतं. क्षणात पांढरा साका येतो. चांदीचा आयन आणि क्लोराइड यांचं जुळलं, की पाण्याच्या गराड्याला ते आवरत नाहीत. १०० मिलिलिटर पाण्यात साधं मीठ ३६ ग्रॅम विरघळतं, तर सिल्व्हर क्लोराइड अख्ख्या लिटरभर पाण्यात जेमतेम २ मिलिग्रॅम. उरलेलं सगळं घन होऊन तळाशी बसतं. द्रावणातून असा घन पदार्थ वेगळा पडला की त्याला अवक्षेप म्हणतात. घरगुती भाषेत साका.

सोडियम आणि नायट्रेट मात्र आधी होते तसेच, फलाटावर उभे. त्यांना प्रेक्षक आयन म्हणतात. म्हणून या अभिक्रियेचं खरं समीकरण फार छोटं आहे:

चांदीचा आयन + क्लोराइड आयन → सिल्व्हर क्लोराइड (घन)

प्रेक्षकांना वगळून लिहिलेल्या अशा समीकरणाला निव्वळ आयनिक समीकरण म्हणतात. नळाच्या पाण्यात, घामात, समुद्राच्या पाण्यात क्लोराइड कुठूनही आलेलं असो, चांदीच्या आयनाला त्याच्याशी कर्तव्य नसतं. साका तोच पडतो.

बोर्डोच्या पिंपातला आकाशी साकाही असाच. मोरचुदातून तांब्याचे आणि सल्फेटचे आयन आले, चुन्यातून कॅल्शियमचे आणि हायड्रॉक्साइडचे. ढोबळमानाने सांगायचं तर,

तांब्याचा एक आयन + हायड्रॉक्साइडचे दोन आयन → कॉपर हायड्रॉक्साइड (घन)

ढोबळमानाने अशासाठी, की प्रत्यक्षात त्या साक्यात थोडं सल्फेटही अडकून बसतं आणि प्रमाणाप्रमाणे त्याची घडण बदलते. कॅल्शियम आणि सल्फेट हे दोघे इथे अगदी निर्मळ प्रेक्षकही नसतात, कारण त्यांचं जिप्सम होतं आणि ते पाण्यात बेताचंच विरघळतं. निसर्ग पुस्तकाइतका नेटका नसतो, पण तांबं पाण्यातून बाहेर पडलं हे मुख्य.

चौकट: कोण विरघळतं, कोण नाही

*सोडियम, पोटॅशियम आणि अमोनियमचे क्षार जवळपास सगळे विरघळतात. नायट्रेटही सगळी. क्लोराइड बहुतेक विरघळतात, पण चांदी आणि शिसं यांची नाही. शिशाचं गरम पाण्यात बऱ्यापैकी जातं. सल्फेटांत बेरियम आणि शिसं अडून बसतात, कॅल्शियमचं थोडंच विरघळतं. कार्बोनेट, फॉस्फेट आणि हायड्रॉक्साइड यांचं उलटं: पहिल्या ओळीतली मंडळी सोडली तर बाकीची बहुतेक साका होऊन बसतात. बेरियमचा सुटा आयन विषारी आहे, तरी पोटाचा एक्स-रे काढताना रुग्णाला बेरियम सल्फेट पाण्यात कालवून पाजतात. ते जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून आयन सुटत नाही आणि ते जसंच्या तसं शरीराबाहेर पडतं.*

बाहेर पडायच्या आणखी वाटा

घन होऊन तळाशी बसणं ही एक वाट झाली. दुसरी वाट म्हणजे स्वतःच पाणी होऊन जाणं. आम्लातून हायड्रोजन आयन येतो, अल्कलीतून हायड्रॉक्साइड आयन. दोघे भेटले की पाण्याचा रेणू बनतो आणि दोघांचीही आयन म्हणून ओळख संपते. हेच उदासिनीकरण.

यात एक सुंदर पुरावा दडलेला आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा यांची विरल द्रावणं एकत्र केली की मिश्रण गरम होतं. नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड घेतलं तरी होतं. दोन्हीकडे पदार्थ निराळे, मागे उरणारे क्षार निराळे, तरीही आयनांच्या ठरावीक संख्येला बाहेर पडणारी उष्णता तीच: पाणी १८ ग्रॅम बनलं की सुमारे ५७ किलोज्यूल. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, नायट्रेट हे सगळे प्रेक्षक असल्याशिवाय आकडा असा जुळणार नाही.

तिसरी वाट हवेत. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड रात्रभर राहिली की सकाळी तिथे पॉलिश गेलेला फिकट डाग दिसतो. कडप्पा आणि शहाबादी फरशी या दोन्ही चुनखडकाच्या, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच्या. लिंबातले हायड्रोजन आयन कार्बोनेटशी जुळतात, त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो, वायू उडून जातो आणि दगडाचा तेवढा पापुद्रा विरघळून निघतो. शहाबादीवर संडास साफ करायचं ॲसिड सांडलं तर हेच इतक्या जोराने होतं की फसफस ऐकू येते. पुडीतल्या फ्रूट सॉल्टची फसफसही याच जातीची.

कधीकधी दोन वाटा एकदम खुल्या होतात. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी घागरीत भरलं की आजीबाई तुरटीचा खडा चार वेढे फिरवायच्या आणि घागर झाकून ठेवायच्या. तासा-दोन तासांत गाळ खाली बसायचा. मातीचे अतिबारीक कण ऋणभारित असतात, एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून कित्येक दिवस तरंगत राहतात. तुरटीतून ॲल्युमिनियमचा आयन सुटतो, त्याच्यावर तीन धन भार. तो कणांचा भार मोडतो. शिवाय पाण्यात मुळातच असलेल्या बायकार्बोनेटशी त्याची गाठ पडून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा बुळबुळीत, पसरट साका तयार होतो आणि थोडा कार्बन डायऑक्साइड निसटतो. साका खाली उतरताना माती बरोबर घेऊन जातो. शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत टनावारी तुरटी किंवा तिची भावंडं वापरतात ती याच कामासाठी. पण गढूळपणा गेला म्हणजे रोगजंतू गेले असं नव्हे. पाणी उकळणं किंवा त्यात क्लोरीन घालणं चुकत नाही.

दख्खनच्या पठारावर विहिरी आणि बोअर काळ्या बेसॉल्ट खडकात असतात. खडक झिजताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन पाण्यात उतरतात आणि पाणी दुष्फेन होतं. साबणाचा लांबलचक ऋण आयन कॅल्शियमला भेटला की फेसाऐवजी पांढरा चोथा धरतो. बादलीच्या कडेला बसणारी ती चिकट पुटं अवक्षेपच. असं पाणी तापवलं तर बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कॅल्शियम कार्बोनेट वेगळं पडतं आणि गीझरच्या कॉइलवर, बंबाच्या आत पांढरा थर चढतो. भारतीय मानक संस्थेच्या पिण्याच्या पाण्याच्या निकषात ही दुष्फेनता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगली मानली आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतली आहे. तूरडाळ अशा पाण्यात शिजता शिजत नाही, कारण डाळीतल्या पेक्टिनला कॅल्शियम बांधून ठेवतं. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की डाळ मऊ होते, पण सोड्याने ब१ जीवनसत्त्व जातं, हेही लक्षात ठेवायला हवं.

इलेक्ट्रॉनची देवघेव

इथपर्यंतच्या सगळ्या अभिक्रियांत आयन आपापले भार सांभाळून होते. विळ्यावर चढणारा तांबूस थर मात्र वेगळ्याच घराण्यातला.

मोरचुदाच्या पाण्यात तांबं आहे ते आयनरूपात, दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं. लोखंडाचा अणू इलेक्ट्रॉन सोडायला तांब्यापेक्षा जास्त तयार असतो. पातं बुडवल्याबरोबर लोखंडाचा अणू आपले दोन इलेक्ट्रॉन तांब्याच्या आयनाला देतो. तांब्याचा आयन धातू होऊन पात्यावर बसतो, लोखंड आयन होऊन पाण्यात उतरतं. इलेक्ट्रॉन गमावणं म्हणजे ऑक्सिडीकरण, मिळवणं म्हणजे क्षपण. एकाने दिल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही, म्हणून या दोन्ही गोष्टी नेहमी जोडीनेच घडतात. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात, म्हणजे जवळपास हजार वर्षांपूर्वी, तांबं उतरलेल्या पाण्यात लोखंड टाकून तांबं काढण्याचा मोठा उद्योग चालत असे. अभिक्रिया हीच.

बोर्डो मिश्रण लोखंडाच्या किंवा जस्ताच्या बादलीत करू नये, असं जे बजावून सांगतात, त्याचंही कारण हेच. जस्त तर इलेक्ट्रॉन सोडण्यात लोखंडाच्याही पुढे. बादली झिजेल आणि तांबं पानावर जाण्याऐवजी बादलीलाच चिकटून बसेल.

तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवलं की ते कळकतं, हा अनुभवही याच घराण्यातला, पण त्यात एक गाठ आहे. साध्या आम्लातला हायड्रोजन आयन तांब्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेऊ शकत नाही. तांबं त्याला दाद देत नाही. पण ताकात हवेतला ऑक्सिजन विरघळलेला असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो, आम्ल त्याला साथ देतं, आणि तांब्याचे आयन ताकात उतरतात. हिरवट छटा आणि तोंडात राहणारी ती कडवट, मळमळ आणणारी चव त्यांचीच. भांड्याला आतून कल्हई केली की तांब्याची आणि ताकाची गाठच पडत नाही. मधे कथिलाचा थर असतो, आणि कथिल अशा अन्नात फारच थोडं उतरतं.

चिंचेने तांब्याची कळशी घासतात तेव्हा मात्र इलेक्ट्रॉनची देवघेव नसते. काळपट थर हा मुख्यतः तांब्याच्या ऑक्साइडचा. त्यातलं तांबं आधीच आयनरूपात असतं. चिंचेतलं आम्ल ऑक्साइडचं पाणी करतं आणि थर धुऊन जातो. भांडं तेच, आम्ल तेच, तरी दोन प्रसंगांत दोन वेगळ्या अभिक्रिया. परीक्षेत गोंधळ होतो तो इथेच.

आता विळ्याची परीक्षा उलगडते. पात्याला समजतं ते एकच: पाण्यात तांब्याचे सुटे आयन उरले आहेत की नाही. चुना पुरेसा पडला असेल तर तांबं साका होऊन द्रावणाबाहेर गेलेलं असतं आणि लोखंडाला देवघेव करायला कुणी सापडत नाही. चुना कमी पडला असेल तर सुटे आयन उरतात आणि पात्यावर उमटतात. एक अभिक्रिया पूर्ण झाली की नाही, याची साक्ष दुसरी अभिक्रिया देते. रसायनशास्त्रज्ञ काचेच्या नळ्या आणि दर्शकं घेऊन जे करतात, त्याहून हे तत्त्वतः वेगळं नाही. लिटमस कागद बुडवूनही हेच पाहता येतं. मोरचुदाचं पाणी आम्लधर्मी, म्हणजे सामू (pH) सातच्या खाली, आणि पक्कं झालेलं मिश्रण उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी.

किलोभर चुना कशासाठी?

इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समीकरणाप्रमाणे मोरचुदाच्या २५० भार-भागांना चुन्याच्या शुद्ध कळीचे ५६ भाग पुरतात. म्हणजे १ किलो मोरचुदाला सुमारे २२५ ग्रॅम कळी. मग कृतीत सरसकट किलोभर का सांगतात?

कारण पोत्यातला चुना म्हणजे शुद्ध कळी नव्हे. त्यात नीट न भाजलेले खडे असतात, माती असते. पोतं उघडं राहिलं तर कळी आधी हवेतली ओल पिते, मग हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि हळूहळू पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होते. हे कार्बोनेट पाण्यात फारसं विरघळत नाही आणि कामाचा हायड्रॉक्साइड आयन जवळजवळ देत नाही. वजन काट्यावर दिसतं, पण अभिक्रियेत ते मोजलं जात नाही. ताजी, कडक कळी असेल तर किलोभर चुना गरजेच्या चौपट होतो. जुना, मरगळलेला चुना असेल तर किलोही अपुरा पडू शकतो. दोन पदार्थांतला जो आधी संपतो तो अभिक्रियेची मर्यादा ठरवतो. त्याला मर्यादक अभिकारक म्हणतात. या पिंपात आधी संपायला हवं ते तांबं.

चुना जास्त झाला तर पानं करपत नाहीत, पण तांबं पुढे सावकाश सुटतं आणि औषधाचा जोर उशिरा दिसतो. चुना कमी पडला तर सुट्या तांब्याने कोवळी पानं सरळ जळतात. दोन चुकांत पहिली परवडते.

मिश्रण त्याच दिवशी संपवायला सांगतात, तेही उगाच नाही. ताजा साका अतिशय बारीक कणांचा असतो, पानावर पातळ बसतो आणि चिकटून राहतो. तसाच ठेवला तर कण एकत्र येऊन मोठे होतात, तळाशी बसतात, फवाऱ्याच्या तोटीत अडकतात आणि पानावरून पटकन धुऊन जातात.

पानावर, आणि मग मातीत

या औषधाचा जन्म चोरांच्या भीतीतून झाला. फ्रान्समधल्या बोर्डो भागातल्या मेदोक प्रांतात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण शिंपडत, म्हणजे वाटसरू ते विषारी समजून द्राक्षांना हात लावणार नाहीत. त्या काळात अमेरिकेतून आलेल्या डाऊनीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त होत होत्या. बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर मिलार्दे यांच्या १८८२ मध्ये लक्षात आलं, की आतल्या वेली रोगाने गेल्या, पण रस्त्याकडेच्या हिरव्या आहेत. त्यांनी रसायनशास्त्रज्ञ युलिस गेयाँ यांच्या साथीने प्रयोग करून प्रमाण बसवलं आणि १८८५ मध्ये कृती जाहीर केली.

आता शेवटचा पेच. साका जर विरघळत नाही, तर तो बुरशीला मारतो कसा? तो अजिबात विरघळत नाही असं नाही, फार थोडा विरघळतो. पानावर दव पडतं, त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पाणी किंचित आम्लधर्मी होतं. रुजू पाहणारी बुरशीही आम्लं सोडते. त्या आम्लातले हायड्रोजन आयन साक्यातल्या हायड्रॉक्साइडचं पाणी करतात आणि तांब्याचे आयन थोडेथोडे सुटतात. पानाला इजा होण्याइतके नाहीत, पण ओलाव्यात पोहत येणाऱ्या डाऊनीच्या बीजाणूंना पुरून उरतील इतके. तांब्याचा आयन त्यांच्या विकरांना चिकटून त्यांचं कामकाज बंद पाडतो. मात्र बुरशी एकदा पानात शिरली की बोर्डोचा तिथे इलाज चालत नाही, म्हणून फवारणी रोगाच्या आधी हवी.

तांबं हे मूलद्रव्य आहे. सेंद्रिय बुरशीनाशकांचे रेणू कालांतराने मोडतात, तांब्याचं तसं होत नाही. पानावरून धुतलं गेलं की ते मातीत येतं आणि बहुतांशी वरच्या थरातच राहतं. मोरचुदाच्या वजनात तांबं सुमारे एक चतुर्थांश असतं. म्हणजे १ टक्का बोर्डो हेक्टरी १००० लिटर फवारलं, तर एका फवारणीत जमिनीवर अडीच किलो तांबं पडतं. युरोपीय संघाने २०१८ च्या नियमात सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो. दुसऱ्या फवारणीलाच ही वर्षाची सरासरी ओलांडली जाते. फ्रान्समधल्या जुन्या द्राक्षमळ्यांच्या मातीत जवळजवळ दीडशे वर्षांच्या फवारण्यांचं तांबं साचलेलं आहे आणि त्याचा गांडुळांना आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांना त्रास होतो.

साचलेलं तांबं किती उपद्रव करतं, हे मातीच्या सामूवर अवलंबून असतं. नाशिक-सांगलीकडच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनी अल्कधर्मी आहेत. तिथे तांबं हायड्रॉक्साइड-कार्बोनेटच्या रूपात बरंचसं बांधलेलं राहतं. कोकणातली जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी, वर पाऊस भरमसाट. तिथे हायड्रोजन आयन मुबलक असल्याने तेवढंच तांबं जास्त प्रमाणात सुटं होतं आणि मुळांपर्यंत पोहोचतं. सुपारीच्या ज्या वाडीत वर्षानुवर्षं दर पावसाळ्यात बोर्डो मारलं जातं, तिथल्या मातीच्या तपासणीत नत्र-स्फुरद-पालाशाबरोबर सामू आणि तांबं हे दोन आकडेही मागून घ्यायला हवेत.